वळणाची खूण

अहवालाच्या फॉर्मात 'कारण' या शब्दापुढे चार ओळी सोडलेल्या असतात. एकतीस वर्षांत असे पुष्कळ फॉर्म मी भरले, बहुतेक दुसऱ्यांच्या चुकांचे, आणि चार ओळी मला नेहमी जास्तच वाटल्या. 'अंदाज चुकला.' संपलं. खाली सही ठोकायची आणि चहाला जायचं. त्या मंगळवारी मात्र मी पायलट स्टेशनच्या वरच्या खोलीत तासभर त्या चार ओळींकडे बघत बसलो होतो आणि पेनाचं टोपणसुद्धा काढलं नव्हतं.

आधी काम सांगतो, कारण पायलट म्हटलं की लोकांना विमानच दिसतं. बाहेरून आलेलं जहाज बंदराच्या तोंडाशी थांबतं. आम्ही लहान लाँचमधून त्याच्यापाशी जातो, बाजूला सोडलेल्या दोरशिडीवरून वर चढतो आणि खाडीतून ते धक्क्यापर्यंत आणतो. जहाजाच्या कॅप्टनला सगळं जग माहीत असतं, आम्हाला एवढी एकच खाडी. पण ती अशी माहीत असावी लागते, की पुढ्यात कोरा कागद टाकला तर तिचा नकाशा, कुठे किती पाणी, कुठला बोया, कुठला दिवा, सगळं काही न बघता काढता यावं. त्याशिवाय परवाना मिळत नाही. मी एकोणसाठ वर्षांचा आहे. गुडघे कामातून गेलेत आणि शिडीच्या शेवटच्या चार पायऱ्या मी हल्ली मनातल्या मनात शिव्या देत चढतो. नवे पायलट तयार करायचं कामही चौदा वर्षं माझ्याकडेच आहे, म्हणून स्टेशनवर मला सगळे मास्तर म्हणतात. या नावाचा मला अभिमान होता, हे इथेच कबूल करून टाकतो.

फॉर्म कॅप्टनबाईंचा होता. वय एक्केचाळीस. सहा वर्षं स्वतः मालवाहू जहाजावर कॅप्टन होती, म्हणून हे नाव. थट्टेने सुरू झालं आणि तसंच चिकटलं. घरी नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी. आई सुट्टीवर घरी आली, की मुलगी आधी आजीला विचारायची, "ही किती दिवस आहे?" एकदा हे तिच्या कानावर पडलं आणि तिने राजीनामा दिला. कॅप्टनची कॅप्टन, पण इथे येऊन पुन्हा पहिलीच्या वर्गात बसली. दीड वर्ष प्रशिक्षण, एकशे वीस फेऱ्या, मग परीक्षेची फेरी. परीक्षेला दोन संधी. दोन्ही हुकल्या तर फाइल बंद, आणि तिला बॅग भरून पुन्हा समुद्रावर जावं लागणार. पहिली संधी चार महिन्यांपूर्वी गेली होती. दुसरी सोमवारी होती.

परीक्षेच्या फेरीचा नियम सोपा आहे. जहाज माझ्या परवान्यावर चालतं, हुकूम उमेदवार देतो, मी त्याच्या खांद्याशी हात मागे बांधून उभा राहतो. मला एकदा जरी स्वतः हुकूम द्यावा लागला, तरी उमेदवार नापास. पूर्वी मी मागे खुर्चीवर बसत असे. दोन वर्षांपूर्वी नव्या नियमावलीने खुर्ची काढून घेतली आणि मला गुडघ्यांसकट उभं केलं.

आमच्या खाडीत एकच जागा अशी आहे, जिथे माणसाची परीक्षा होते. तिथे खाडी जवळजवळ काटकोनात उजवीकडे वळते आणि समोर गाळाचा उंचवटा आहे. दोनशे मीटर लांबीचं जहाज सांगितल्याबरोबर वळत नाही, आधी विचार करतं. म्हणून हुकूम आधी द्यावा लागतो, आणि तो नेमका कधी, यावर सगळं आहे. पुस्तक म्हणतं, नऊ नंबरचा बोया बाजूला आला की वळा. मी म्हणतो, बोया पाण्यावर तरंगतो, साखळी ताणली की सरकतो. त्याच्या भरवशावर जहाज घालू नका. किनाऱ्याकडे बघा. तिथे पाण्याची निळी टाकी आहे आणि तिच्या मागे, लांब, बंद पडलेल्या कारखान्याची चिमणी. टाकी आणि चिमणी एका रेषेत आली, की वळा. जमिनीवरची गोष्ट हलत नाही. ही खूण मला माझ्या उस्तादाने दिली आणि मी ती पुढच्यांना दिली.

सोमवारी सगळं नीट चाललं होतं. दुपार, स्वच्छ ऊन, वारा नावापुरता. वळण आलं. कॅप्टनबाई डावीकडे मान वळवून टाकीकडे बघत होती. मी समोर बघत होतो. माझ्या तळपायांना कळलं, की आता. ती गप्प. मी मनात तीन आकडे मोजले. ती गप्पच. गाळ समोरून अंगावर यायला लागला.

"स्टारबोर्ड ट्वेंटी!" मी ओरडलो, आणि सुकाणूवाल्याने चाक उजवीकडे फिरवलं.

जहाज वळलं, पण मागचा भाग गाळाच्या इतक्या जवळून गेला, की जहाजाच्या पंख्याने चहासारखं गढूळ पाणी उसळवलं. जहाजाच्या कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि सभ्यपणाने खिडकीबाहेर पाहायला लागला. पुढचं सगळं अंतर मीच आणलं. ती कोपऱ्यात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

परतीच्या लाँचमध्ये ती एकच वाक्य बोलली. "सर, मी खुणेचीच वाट बघत होते. तुम्ही खुणेच्या आधी ओरडलात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चूक करायची, आणि वर हे. "झालं ते झालं म्हणायला शिक," मी म्हणालो. "एवढी सहा वर्षं कॅप्टन होतीस, एवढं तरी शिकली असशील." ती पुढे काही बोलली नाही, आणि मला वाटलं, बरी बोलती बंद केली.

पण ते वाक्य जेवताना माझ्या ताटात येऊन बसलं. खुणेच्या आधी. मी त्या क्षणी टाकीकडे पाहिलं होतं का? आठवेना. त्या दिवशी सोडा, स्वतः जहाज वळवताना गेल्या वर्षभरात तरी पाहिलं होतं का? तेही आठवेना. बायको म्हणाली, "अहो, भाकरी हातात धरून काय बसलात, ती काय सुकाणू आहे?" मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग जाऊन बघून या की. टाकी काही पळून जात नाही."

म्हणून मंगळवारी कोरा फॉर्म घडी घालून खिशात ठेवला आणि टाकीपाशी गेलो. एकतीस वर्षं ज्या टाकीच्या जोरावर जहाजं वळवली, तिच्या पायथ्याशी मी आयुष्यात पहिल्यांदाच उभा राहिलो. पाण्यावरून ती देखणी दिसते. जवळून पाहिली तर पोपडे आलेले, खाली पंपाची खोली, आणि पंपवाला स्टुलावर बसून पेपर वाचत होता.

"जुनीच आहे ना ही टाकी?" मी विचारलं.

"ही? छे हो. आठ वर्षं झाली असतील. जुनी गळायला लागली होती, पाडली. ती तिकडे होती." त्याने पेपरानेच दाखवलं. बाजूला सिमेंटचा एक मोठा गोल चौथरा होता, आणि त्यावर लोकांनी स्कूटर लावल्या होत्या. "रंग तोच दिला. निळा उरला होता म्हणे."

मी चौथऱ्यापासून नव्या टाकीपर्यंत पावलं मोजली. बावन्न. पंपवाला पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. आठ वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याचं पहिलं ऑपरेशन झालं होतं. साडेतीन महिने घरी होतो. गेलो तेव्हा तिथे निळी टाकी होती, आलो तेव्हाही निळी टाकी होती. मधे एक पडली आणि दुसरी उभी राहिली, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही पाहिलं नाही. टाकी बावन्न पावलं सरकली, म्हणजे लांबच्या चिमणीशी तिची रेष पाण्यावर जवळपास दुप्पट सरकली. जहाजाच्या वेगाला वीस-पंचवीस सेकंद. सोमवारी मी ओरडलो नसतो, तर ती नेमकी तेवढीच उशिरा वळली असती.

म्हणजे आठ वर्षं माझं तोंड एक सांगत होतं आणि मी करत दुसरंच होतो. जहाज मी तळपायांनी वळवत होतो, आणि शिकवत टाकी होतो.

पण मग बाकीचे? या आठ वर्षांत मी चार जणांना परवान्यापर्यंत नेलं. ते सगळे रोज त्या वळणावरून जहाजं आणत होते, आणि एकही गाळात रुतलं नव्हतं. मी धक्क्यावर जाऊन शिट्टीला गाठलं. शिट्टी म्हणजे माझा सहा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. जहाज धक्क्याला लावताना हा शिट्टी वाजवतो. तो नुकताच एका जहाजावरून उतरत होता.

"वळणावर तू कशावर वळतोस?" मी विचारलं.

"तुमच्या खुणेवर, मास्तर," तो तत्परतेने म्हणाला.

"खरं बोल."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं. "बोयावर," तो म्हणाला. "पहिल्या महिन्यातच कळतं हो. टाकी धरली तर गाळात जाणार. आम्ही सगळेच बोयावर वळतो. परीक्षेत तोंडाने टाकी-चिमणी म्हणायचं आणि वळायचं हळूच आधी. तुम्ही मागे खुर्चीवर असायचात, तिथून टाकी दिसायची नाही."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुम्हाला?" शिट्टीने विचारलं. बस, एवढंच. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं, की हे मला कोण सांगणार होतं.

दर वर्षी मी नव्या-जुन्या सगळ्या पायलटांचा एक वर्ग घेतो. त्याचा विषयच हा असतो, की ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, शंका आली तर कुणीही, कितीही धाकटा असला तरी, बोललं पाहिजे. चांगला दोन तास घेतो. लोक माना डोलावतात, मधल्या सुट्टीत बिस्किटं खातात. त्या वर्गात हे चारही जण वर्षानुवर्षं माझ्यासमोर मूग गिळून बसले होते, आणि मी त्यांना बोलायला शिकवत होतो.

मग मला कॅप्टनबाईची पहिली परीक्षा आठवली, आणि मी धक्क्यावरच एका खुंट्यावर बसलो. त्या दिवशी मी तिच्या खांद्याशी उभा राहून टाकीवरच नजर ठेवली होती. ती बोयापाशी वळली होती, खुणेच्या आधी. जहाज खाडीच्या अगदी मधोमध गेलं होतं. आणि मी लिहिलं होतं: 'खुणेपूर्वी वळली. निर्णय स्थिर नाही.' म्हणजे पहिल्यांदा बरोबर वळली म्हणून मी तिला नापास केलं, आणि दुसऱ्यांदा माझं ऐकलं म्हणून.

बुधवारी सकाळी मुख्य पायलटाने मला बोलावलं. आम्ही दोघं एकाच वर्षी लागलेले. तो खुर्चीवर चढला, मी शिडीवरच राहिलो. शिट्टीने त्याच्या कानावर घातलं असणार.

"वारा लिही," तो म्हणाला.

"वारा नव्हता."

"खाडीवर वारा असतोच."

"नोंदीत आठ नॉट आहे. आठ नॉटने तुझे केससुद्धा उडत नाहीत."

"माझे केस राहिलेतच कुठे. झुळूक लिही." त्याने चष्मा काढून डोळे चोळले. तोही दमला होता. "ऐक. वारा लिहिलास तर शुक्रवारी परवान्यांची कमिटी तिला तिसरी संधी देते. मी देववतो. तुला एक वर्ष राहिलंय, तू सुखाने घरी जा. खूण मी परिपत्रक काढून गुपचूप बदलतो. कुणाचं नुकसान आहे यात, सांग?"

मी विचार केला. खोटं सांगत नाही, बराच वेळ विचार केला. कुणाचं नुकसान, ते मला सापडेना. एवढंच दिसत होतं, की तिच्या फाइलमध्ये माझ्या अक्षरात 'निर्णय स्थिर नाही' असं लिहिलेलं आहे आणि ते कायम राहणार आहे. वारा लिहिला तर ते पुसलं जात नाही. ती पुढे वीस वर्षं काम करेल, आणि दर पाच वर्षांनी कुणीतरी फाइल उघडून ते वाचेल.

दुपारी मी तिला वर्गखोलीत गाठलं. ती टेबलाशी बसून कोऱ्या कागदावर खाडी काढत होती. नापास झालेल्या माणसाने हे कशाला करावं, मला कळलं नाही. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. टाकी, चौथरा, बावन्न पावलं, शिट्टी, पहिली परीक्षा. सांगताना मी तिच्याकडे न बघता त्या कागदाकडे बघत होतो. तिने नऊ नंबरचा बोया अगदी जागच्या जागी काढला होता.

"मला माहीत होतं, सर," ती म्हणाली.

"काय?"

"खूण उशिरा येते, ते. मीही जहाजं चालवलीत. दहाव्या-बाराव्या फेरीलाच कळलं होतं. पहिल्या परीक्षेला मला वाटलं, जहाज मधोमध गेलं की तुम्हीही बघाल. तुम्ही नापास केलंत. मग दुसऱ्या वेळी मी ठरवलं, की तुमच्या खुणेवर वळायचं. वेग थोडा कमी ठेवला, चाक जास्त फिरवायचं ठरवलं, वाटलं निभावेल. मला पास व्हायचं होतं."

माझ्या तोंडात कुणी मारावी तसं मला झालं. कारण आता हे माझ्या एकट्याचं राहिलं नव्हतं. चुकीचं आहे हे माहीत असताना जहाज त्यावर घालायचं, ही चूक मी कधीच कुणाची माफ केली नसती.

"मी खरं लिहिणार आहे," मी म्हणालो. "पण माझ्यापुरतं. शुक्रवारी कमिटी तुला विचारेल, खूण चुकलेली आहे हे माहीत होतं का. तू नाही म्हण. एका शब्दाचं काम आहे. बाकी सगळं माझ्या अंगावर घेतो."

तिने पेन्सिल कागदावर ठेवली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "मुलीची शाळा सुटेल. मी निघते."

मी फॉर्म भरला. चार ओळी पुरल्या नाहीत, मागच्या बाजूला लिहावं लागलं. लिहून झाल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. फक्त थकवा आला.

शुक्रवारी कमिटीत तिघं होते. मधे मुख्य पायलट. उजवीकडे बंदर खात्याच्या अधिकारी बाई, फाइलला रंगीत चिठ्ठ्या लावून आलेल्या. डावीकडे निवृत्त कॅप्टन, जे अशा बैठकांत डोळे मिटून बसतात आणि नेमकं नको ते ऐकतात. मी माझा कागद वाचला. अधिकारी बाईंनी मला सहा प्रश्न विचारले, सगळे रास्त. आठ वर्षांत खूण एकदाही तपासली का? नाही. बोयाशी ताडून पाहिली का? नाही. खूण पुस्तकात नाही, मग तिच्यावर उमेदवाराला गुण कुठल्या आधाराने दिले? माझ्या, मी म्हणालो. इतकी वर्षं नाकाने कांदे सोलणारा मी, मान खाली घालून उत्तरं देत होतो. मुख्य पायलट माझ्याकडे बघत नव्हता.

मग त्यांनी कॅप्टनबाईला आत बोलावलं. मलाही बसू दिलं.

"तुमच्या प्रशिक्षकांनी दिलेली खूण चुकीची आहे, हे परीक्षेच्या वेळी तुम्हाला माहीत होतं का?"

मी टेबलाखाली गुडघा घट्ट धरला. नाही म्हण, मनात म्हटलं. बाई, नाही म्हण.

"हो," ती म्हणाली. "माहीत होतं. पहिल्या परीक्षेच्याही आधीपासून."

निवृत्त कॅप्टनांनी डोळे उघडले. "मग वळलात का नाहीत?"

"सर शेजारी उभे होते. आधी वळले असते, तर पुन्हा नापास झाले असते."

"जहाजावर माणसं किती होती?"

"एकवीस," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे, सर. मी स्वतः कॅप्टन होते. माझ्या ब्रिजवर कुणी असं वागलं असतं, तर मी त्याला पुढच्या बंदरात उतरवलं असतं."

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. अर्ध्या तासाने मुख्य पायलट एकटा बाहेर आला. माझं प्रशिक्षक म्हणून असलेलं प्रमाणपत्र काढून घेतलं होतं, आणि महिन्याभरात मला त्या वळणावर स्वतःची परीक्षा द्यायची होती. तिच्या फाइलमधली माझी ओळ खोडली जाणार होती. पण परवाना नाही. सहा महिने, साठ फेऱ्या, दुसरा प्रशिक्षक, आणि मग पुन्हा परीक्षा. ती एकच संधी.

तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "पहिली परीक्षा पास धरायचं ठरलं होतं आमचं. परवाना तयार होता. ती 'नाही' म्हणाली असती, तर आत्ता सही करून हातात दिला असता." आणि तो आत निघून गेला. त्याने दार जरा जास्तच जोरात लावलं.

ती बाकावर बसली होती. मी शेजारी बसलो. काही बोलावं म्हणून म्हणालो, "मी तुला नाही म्हणायला सांगितलं होतं."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही खूणही सांगितली होती."

कारकून फायली घेऊन आमच्या पायांवरून जात-येत होते.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही स्वतः नक्की कशावर वळता? टाकीवर नाही. बोयावरही नाही, तुम्ही तिकडे बघतच नाही. मी दीड वर्ष तुमच्याकडे बघत होते, मला कळलं नाही."

मी तोंड उघडलं. उत्तर द्यायची सवय होती. पाण्याचा रंग, म्हणणार होतो. जहाजाची थरथर, म्हणणार होतो. पण तिला मी आधीच एक चुकीचं उत्तर देऊन बसलो होतो.

"माहीत नाही मला," मी म्हणालो. "खरंच माहीत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, आणि रागही होता. "हे तुम्ही एकदा, एकदाच, वर्गात म्हणाला असता ना, सर," ती म्हणाली, "तर मी बोलले असते. शिट्टीही बोलला असता."

तिने बॅग उचलली आणि जिन्याकडे गेली. मी बसून राहिलो. मला खूप वाईट वाटत होतं, आणि ते नेमकं कशाचं, हे कळायला जिन्यावरचा तिचा आवाज संपेपर्यंत वेळ लागला. मी चार ओळींत लिहिलं होतं, मागच्या पानावर लिहिलं होतं, कमिटीपुढे कबूल केलं होतं. तिला मात्र काहीच म्हणालो नव्हतो. तिला मी फक्त हकिगत सांगितली होती, आणि वर खोटं बोलण्याचा सल्ला दिला होता.

मी उठलो. कठडा धरून दोन मजले उतरलो, मधल्या माळ्यावर थांबून श्वास घेतला आणि फाटकापाशी तिला गाठलं. ती रिक्षाची वाट बघत उभी होती.

"माझं चुकलं," मी म्हणालो. धाप लागल्यामुळे ते दोन शब्दही धड सलग आले नाहीत. "तुझ्या बाबतीत माझं फार चुकलं."

इतर कुणी असतं, तर 'असं काय म्हणता, मास्तर' म्हणालं असतं, हात धरला असता, आणि मीही ते मानून घेतलं असतं.

"हो, सर," ती म्हणाली. "चुकलंच तुमचं."

रिक्षा आली. आत बसताना तिने एका बाजूला सरकून माझ्यासाठी जागा केली, आणि तिच्या मुलीच्या शाळेच्या रस्त्यापर्यंत आम्ही दोघं एकाच रिक्षाने गेलो.